विहिरीची मालिका आणि जिन्यातला झाडू

...आणि वर मलाच म्हणतात कसे, ‘मुक्ता, तू फार दचकतेस!’ आता तुम्हीच सांगा, शनिवारी सकाळी इथे जर्मनीत तुम्ही निवांत पोहे भिजवताय, आणि खिडकीखालून एक गाडी भोंग्यातून गुरगुरत जातेय की नागरिकहो, पलीकडच्या गल्लीत खोदकामात दुसऱ्या महायुद्धातला बॉम्ब सापडलाय, न फुटलेला आहे, बारा वाजायच्या आत घरं रिकामी करा... तर माणसानं दचकायचं नाही तर काय करायचं? पोह्यांत मीठ घालायचं? बाबांनी घातलं! मी ओट्याला धरून उभी, हातातली चाळणी जमिनीवर, पोहे चौफेर, आणि हा गृहस्थ उरलेल्या पोह्यांना मीठ लावतोय आणि म्हणतोय, ‘आलबेल!’

हे ‘आलबेल’ काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या घराण्यात काहीतरी आहे. आहेच, पण वेगळं आहे.

मी नाशिकची. लहानपणापासून दचकरी. कुकरची शिट्टी झाली, दचकले. दारावरची बेल वाजली, दचकले. बेल मीच वाजवली असली तरी दचकले! दिवाळीत तर मी पलंगाखाली राहायला जायची, फराळाची ताटली तिथे सरकवायचे मला. त्या वर्षांत माझ्या उल्हासमामानं विलायतेहून व्हिडिओ कॅसेटींचं एक खोकं आणलं होतं. त्यात होती एक जुनी ब्रिटिश विनोदी मालिका, लढाईवरची. तिचं खरं नाव आम्ही कधी उच्चारलंच नाही, आमच्या घरी ती ‘विहिरीची मालिका’. बाबा मला पलंगाखालून ओढून काढायचे आणि टीव्हीपुढे बसवायचे. म्हणायचे, ‘हे बघ, इथे खरे बॉम्ब पडतायत, आणि कोणाचं काही बिघडत नाहीये. तुझी लवंगी काय घेऊन बसलीस?’

तर विहीर. म्हणजे वाळवंट, वाळवंटात एक विहीर. विहिरीच्या अलीकडे इंग्रजांची एक तुकडी, पलीकडे जर्मनांची एक तुकडी, आणि दोन्हींना त्यांचे वरचे साहेब साफ विसरून गेलेत! पाणी एकच, म्हणून सम तारखेला हे भरणार, विषम तारखेला ते. इंग्रजांचा मेजर लोखंडी टोपीत टोमॅटोची रोपं लावायचा आणि गोळीबार सुरू झाला की पहिली ती रोपं तंबूत न्यायचा, माणसं मागाहून. आचाऱ्याची खीर इतकी घट्ट की वाळूची पोती संपली की खिरीची पातेली रचायचे. जर्मनांचा कप्तान म्हणजे शिस्तीचा पुतळा. टाचा जुळवून सलाम करायचा, पण वाळूत कसला आवाज येतोय? म्हणून तो बिचारा तोंडानं म्हणायचा, ‘टॉक!’ आणि मग सलाम. आणि एक पहारेकरी होता, उंच, काटकुळा, जाड भिंगांचा चष्मा. त्याच्या मागे तंबू पेटलेला असायचा, पाणी भरायला आलेलं गाढव त्याची टोपी खात असायचं, आणि तो समोर बघून ओरडायचा, ‘आलबेल, साहेब!’

इंग्रजी मला कळायचं नाही, आजीला तर नाहीच, आणि त्या लोकांचे उच्चार आईलाही कळायचे नाहीत. बाबा सगळ्यांचं मराठी करून सांगायचे, आवाज काढून. मेजरचा आवाज नाकातला. कप्तानाचा घशातला. मी हसून हसून आडवी. आणि खरं सांगते, त्या मालिकेनं माझं दचकणं गेलं नाही, पण दचकल्यावर काय म्हणायचं ते मला मिळालं. दूध उतू गेलं, आलबेल! दहावीला गणिताचा पेपर हातात आला आणि अंधारी आली, आलबेल! आता इथे स्टुटगार्टला मी नोकरी करते ती, हसू नका हं, एअरबॅग फोडून बघण्याच्या लॅबमध्ये. गेनाऊ, म्हणजे अगदी तेच! दिवसभर धडाम धडाम. तिथे आधी लाल दिवा लागतो म्हणून चालतं हो. माझं म्हणणं एवढंच असतं, आयुष्यात सगळ्याच्या आधी लाल दिवा लागावा.

आल्झो, म्हणजे आपलं ‘तर’, बाबांना दिवा नसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात ते माझ्याकडे राहायला आले, एकटेच. आई म्हणाली, ‘यांना पाठवते. मला जरा घर निवांत मिळू दे.’ मी म्हटलं, अगं पण... तर म्हणाली, ‘पण नाही नि बिण नाही. तू तिकीट काढ.’ बाबा उतरले ते गळ्यात पेनड्राइव्ह घालून. त्यात सगळी विहिरीची मालिका, कॅसेटींवरून उतरवून घेतलेली. आणि मला म्हणाले, ‘भाषेची काळजी करू नकोस, मला जर्मन येतं.’

कुठून येतं? मालिकेतून! कप्तानाकडून!  पहिल्याच दिवशी बेकरीत, ती काउंटरवरची मुलगी गोड हसून पाव बांधून देतेय, आणि बाबा तितकंच गोड हसून तिला म्हणाले, ‘श्नेल! श्नेल!’ म्हणजे ‘आटप! आटप!’, पण त्यांच्या मते ‘वा, छान!’ मी त्या बेकरीत अजून मान वर करून जात नाही. पण बेकरीचं सोडा, बेकऱ्या पुष्कळ आहेत. माझी घरमालकीण एकच आहे.

फ्राऊ हेबर्ले. फ्राऊ म्हणजे बाई. वय ऐंशी, ताठ, पांढरे केस चापून बसवलेले, सदानकदा निळा एप्रन. त्या पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्यावर. स्टुटगार्टात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, इथे एक केअरवोखे असते. म्हणजे झाडलोटीचा आठवडा. इमारतीतल्या सगळ्यांनी, मालकिणीनंसुद्धा, पाळीपाळीनं जिना झाडायचा, पुसायचा, आणि शनिवारी दारापुढचा फुटपाथसुद्धा. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक लाकडी पाटी लटकते. ती पाटी दाराला दिसली की माझी छाती धडधडते, सासूबाई आल्यासारखी. मी झाडून झालं की फ्राऊ हेबर्ले येतात, वाकतात, कोपऱ्यात बोट फिरवतात, आणि बोटाकडे बघून नुसतं म्हणतात, ‘या...’ म्हणजे जर्मनमध्ये ‘हो’, एवढंच! त्या ‘या’चा अर्थ लावण्यात माझा रविवार जातो.

आणि अशा बाईंसमोर, पहिल्या भेटीत, जिन्यात, मी ‘हे माझे वडील’ म्हणायच्या आत बाबांनी टाचा जुळवल्या. पायात कापडी सपाता, आवाज कुठला येणार? म्हणाले, ‘टॉक!’ आणि सलाम ठोकला.  मला वाटलं, संपलं. ऐंशी वर्षांच्या जर्मन बाईपुढे लढाईचा सलाम! सामान बांधायला लागा! फ्राऊ हेबर्लेंनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाल्या, ‘तुमच्या वडिलांनी बाहेरच्या सपाता जिन्यात घालू नयेत, फ्राऊ सोमण.’ आणि गेल्या. बाबा म्हणाले, ‘बघ! आलबेल.’

तर हे असं चाललेलं असताना तो शनिवार. बॉम्ब. पोहे.

मी घाबरले खरी, पण कामाला लागले. पासपोर्ट, बाबांच्या गोळ्या, पाण्याची बाटली, स्वेटर. बाबांनी काय घेतलं? पेनड्राइव्ह! गळ्यात! आणि मीठ लावलेल्या पोह्यांचा डबा, हातात! आम्ही खाली उतरतोय तर पहिल्या मजल्यावर एक पोलीस, कोवळाच, मिशीसुद्धा नीट आलेली नाही, तो फ्राऊ हेबर्लेंच्या दाराशी बोलतोय. दार साखळीला अडकवलेलं, फटीतून निळा एप्रन. पोलीस मला म्हणाला, ‘तुम्ही यांना ओळखता? या निघत नाहीत. आतला शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत आमची माणसं त्या बॉम्बला हात लावू शकत नाहीत. सगळी वस्ती बाहेर थांबलीय. या नाही आल्या तर मला आणखी दोघांना बोलवून यांना उचलून न्यावं लागेल.’ हे सांगताना तोच रडकुंडीला आलेला. म्हणाला, ‘माझी आजी याच वयाची आहे हो.’

मी फटीशी वाकले. म्हटलं, फ्राऊ हेबर्ले, चला ना, दोन-तीन तासांचा प्रश्न आहे, शाळेच्या हॉलमध्ये बसायचं, गरम सूप देणार आहेत. त्या म्हणाल्या, ‘आज शनिवार आहे. केअरवोखे माझी आहे. जिना झाडायचाय.’ मी म्हटलं, आल्यावर झाडा! तर फटीतून त्यांनी जिन्याकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, दुधाचा भाव सांगावा तशा, म्हणाल्या, ‘मी आठ वर्षांची होते तेव्हाही आईनं असंच सांगितलं होतं. आल्यावर करू म्हणून. आम्ही तळघरातल्या निवाऱ्यात गेलो. परत आलो तर इथे घर नव्हतं. हे घर माझ्या वडिलांनी पुन्हा बांधलंय. मी इथेच बसते. तुम्ही जा, तुमच्या वडिलांना सांभाळा.’

 आता सांगा, मी एम.टेक. आहे, मला धडक किती वेगानं बसली की फुगा किती वेळात फुगतो ते सांगता येतं. यावर काय बोलायचं ते कुठल्या कॉलेजात शिकवतात? मी जिन्यातच बसले. खाली टेकले म्हणजे खरोखर बसकण मारली. मला दिसत होतं, दोन धिप्पाड पोलीस येणार, दार मोडणार, त्या निळ्या एप्रनला उचलणार, आणि ही बाई परत कधी त्या घरात ताठ मानेनं चालणार नाही. बाबांना सगळं मराठीत सांगितलं.  त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, ‘अगं, मालिकेत आहे की हे! मेजर तंबूतून बाहेर येत नाही, आणि मग पहारेकरी त्याला कसा काढतो? आठवत नाही तुला?’

मी म्हटलं, बाबा! ही मालिका नाहीये! ही वेळ आहे का?

‘हीच वेळ आहे,’ म्हणाले. जिन्याखालच्या कपाटातून झाडू काढला आणि झाडायला लागले. माझे वडील! टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, पण घरात आपल्या चहाची कपबशी कधी विसळली नाही त्यांनी! आणि झाडतायत कसे? खालून वर! तळमजल्याच्या पायरीवरचा कचरा वरच्या पायरीवर, त्या पायरीवरचा त्याच्या वरच्या. कचरा चढवतायत जिना! निम्मा मागे गळतोय. पोलीस बघतोय, मी बघतेय, आणि फटीतून एक निळा डोळा बघतोय.

‘वर्रून खाली!’ आतून आवाज. ‘वर्रून खाली झाडतात!’

बाबांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि तसंच पुढे, खालून वर. शिवाय कोपरे सोडून. मधोमध एक चट्टा झाडायचा आणि कडेची जाळी-जळमटं जिथल्या तिथे.

‘कोपरे! फ्राऊ सोमण, त्यांना सांगा, कोपरे!’ मी सांगितलं. बाबा म्हणाले, ‘विचार, कुठले कोपरे?’ मी विचारलं. खळ्ळकन साखळी निघाली! त्या उंबऱ्यात आल्या, मग उंबऱ्याबाहेर, मला म्हणाल्या, ‘दार धरून ठेवा,’ आणि बाबांना बोटानं एकेक कोपरा दाखवायला लागल्या. आणि नेमकी तेव्हाच ती भोंग्याची गाडी परत आली, अगदी खिडकीखाली, ‘आख्टुंग! आख्टुंग!’ म्हणजे सावधान, सावधान, आणि मी दचकले. आता दचकले की माझे हात आवळतात, हा माझा जन्माचा दोष. दाराची मूठ माझ्या हातात. ओढली गेली. धाड!

इथली दारं नुसती लागली की बाहेरून उघडत नाहीत. किल्ली आत टेबलावर. फ्राऊ हेबर्लेंनी दाराकडे बघितलं. मग माझ्याकडे.  आणि तुम्हाला सांगते, माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, पासपोर्टाच्या खाली, त्यांच्या दाराची दुसरी किल्ली होती. अडीअडचणीला म्हणून त्यांनीच दिलेली. मी, जिला ट्रॅममध्ये तिकीट तपासनीस दिसला की तिकीट असूनही घाम फुटतो अशी मी, गप्प राहिले.  कान नुसते तापले होते.

खालून बाबांचा आवाज आला, ‘मुक्ता, फुटपाथपण झाडायचा असतो ना गं?’ आणि ते दाराबाहेर. आता मात्र कहर केला त्यांनी. आपल्या दारापुढची सगळी पानं, धूळ, सिगारेटची थोटकं गोळा केली, आणि दोन फटक्यांत शेजाऱ्याच्या हद्दीत लोटली! स्टुटगार्टात! भर दिवसा! फ्राऊ हेबर्लेंच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मी पुन्हा दचकले. त्या धडाधड जिना उतरल्या, बाबांच्या हातातून झाडू हिसकावला, आणि शेजाऱ्याच्या दारापुढचा कचरा, आपला आणि त्याचासुद्धा, स्वतः झाडून भरून टाकला. मान वर केली तर पुढ्यात बस उभी. सगळ्या वस्तीला नेऊन सोडलेली, शेवटची. दार उघडं.

बाबांनी टाचा जुळवल्या. ‘टॉक!’ आणि हात पुढे केला.

त्या चढल्या. झाडू घेऊन.

शाळेच्या त्या हॉलमध्ये आम्ही तिघं ओळीनं बसलो. मध्ये त्या, मांडीवर झाडू आडवा.  सूप आलं, त्यांनी घेतलं नाही. बाबांनी डब्यातले पोहे पुढे केले. त्यांनी एक चमचा खाल्ला, म्हणाल्या, ‘मीठ जास्त आहे.’ पण दुसराही खाल्ला. आणि मग समोर बघतच मला म्हणाल्या, ‘दुसरी किल्ली तुमच्या पिशवीत आहे ना, फ्राऊ सोमण?’

माझं काय झालं असेल! मी म्हटलं, हो... म्हणजे... मला... त्या म्हणाल्या, ‘मला माहीत होतं. जिन्यातच माहीत होतं.’ आणि बस्स. म्हणजे त्या आल्या त्या स्वतःहून आल्या. हे लक्षात यायला मला अर्धा वाडगा सूप लागलं.

संध्याकाळी कोणीतरी माइकवर सांगितलं की बॉम्ब निकामी झाला. टाळ्या! लोक उठले, मिठ्या मारतायत, आणि त्या गडबडीत माझ्या कानाशी बाबा ओरडले, ‘आलबेल, साहेब!’ ...दचकले हो. दचकणारच की. घर होतं तिथेच होतं. फ्राऊ हेबर्ले आत शिरायच्या आधी क्षणभर थांबल्या, भिंतीला तळहात लावला, गाईच्या पाठीला लावावा तसा. मी दुसरीकडे बघितलं. बाबांनी झाडू जागेवर ठेवला. चुकीच्या जागेवर ठेवला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती की नाही? शहाण्या माणसानं संपवली असती. बाबांनी त्यांना मालिका बघायला बोलावलं! मी हातापाया पडले, बाबा, त्या मालिकेत जर्मन कप्तानाची टिंगल आहे, त्यांना काय वाटेल? ‘काही वाटत नाही,’ म्हणाले. दर शनिवार-रविवारी दुपारी त्या केक घेऊन वर यायला लागल्या. लॅपटॉपपुढे ताठ बसायच्या. मी मध्ये बसून इंग्रजीचं जर्मन करत होते, घाम पुसत. तंबू पेटला, हसल्या नाहीत. गाढवानं टोपी खाल्ली, हसल्या नाहीत. कप्तान ‘टॉक’ म्हणाला, तेव्हा म्हणाल्या, ‘माझे काका असेच होते. पण त्यांच्या टाचांचा आवाज खरा यायचा, त्यांना वाळूची सोय नव्हती.’ आणि सगळे भाग संपल्यावर लॅपटॉप बंद करून त्यांनी आपलं मत दिलं. म्हणाल्या, ‘चांगलं आहे. पण दोन्ही सैन्यांची इतकी रिकामी माणसं, आणि त्या विहिरीभोवती एकजण झाडत नाही?’

पण त्यांच्या मताकडे माझं लक्षच नव्हतं. कारण मी पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक वाक्य कान देऊन ऐकलं होतं, भाषांतर करायचं होतं ना! आणि त्यात तो भागच नव्हता. मेजर तंबूत अडून बसलाय आणि पहारेकरी मुद्दाम काम बिघडवून त्याला बाहेर काढतो, असं कुठ्ठे काही नव्हतं! मी बाबांना विचारलं. बाबा चहा पीत होते. म्हणाले, ‘असेल एखाद्या कॅसेटवर. बुरशी लागली असेल.’

रात्रीपर्यंत कुठे थांबते मी? लगेच आईला फोन लावला. सगळं सांगितलं, बॉम्ब, जिना, झाडू, मुद्दाम वाईट झाडणं, की कसं समोरच्याला राहवत नाही आणि तो स्वतः उठून करायला लागतो, आणि म्हटलं, आई, हा भाग तुला आठवतो का गं, लहानपणी आपण बघितलाय का?

 आई म्हणाली, ‘मुक्ता, लग्न झाल्यावर पहिल्या रविवारी तुझ्या बाबांनी कौतुकानं चहा केला होता. पातेलं जाळलं. मी म्हटलं, सरका. मग एकदा कणीक मळली, कोपरापर्यंत. मी म्हटलं, सरका. मग कपडे वाळत घातले, ओले, एकावर एक. अगं, तो भाग मी काय बघायचाय? आमच्याकडे तो लग्नापासून रोज चालू आहे!’

मी फोन ठेवला. वळून बघितलं तर बाबा सिंकपाशी उभे. आपली कपबशी स्वतः विसळत होते, बाई! कपाला बाहेरून साबण, आतून चहाचं वर्तुळ तसंच, बशी पालथी, नळ धो-धो चालू, पाणी ओट्यावरून माझ्या गालिच्यावर.

आता मला सगळं कळलेलं होतं. सगळं! डावपेच काय, हेतू काय, इतिहास काय... कळून काय उपयोग?

‘सरका,’ म्हटलं.